दर पाच सेकंदांनी

काळ्या खिडकीत रान्वा एक ओळ लिहिते:
प्रोसेसर, मेमरी, डिस्कपुढची रांग,
दर पाच सेकंदांनी, उजाडेपर्यंत, या फाइलीत.
एंटर.

क्लाक्सविकच्या मासळी-लिलावाचा सर्व्हर
आठवडाभर पहाटे धापा टाकतोय.
बोटींवरून फोन येतात,
कॉडचा भाव हलत का नाही?

चार. चार. सहा. चार.
झोपेत कुणी कूस बदलावी तसे आकडे.
ती पावाला लोणी लावते,
मोज्याचं भोक अंगठ्यानं चाचपते.

तीन दहा. एकोणनव्वद. सत्त्याण्णव.
रांगेत एकशे चाळीस.
माग काढत ती पोचते एका जुन्या स्क्रिप्टपाशी,
डोक्यावर टिपण: हे काढू नका. येग्वान.

ज्या टेपवर ती नक्कल पाठवते
तो टेपचा डबा कधीच भंगारात गेला.
तरी रोज रात्री: पोचली नाही, पुन्हा.
पोचली नाही, पुन्हा.

येग्वान आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात.
प्रत्येक भेटीत विचारतो, तू कुणाची गं?
ती सांगते. तो पुन्हा विचारतो.

ओळ ती पुसत नाही.
पुढे फक्त एक हॅश टाकते.
चार. चार. पाच.

रविवारी त्याला सांगणार आहे,
टेप भरली म्हणून.