चार मिलिमीटरचं गवत

पावसाळ्यात हे गवत उभं राहत नाही.
तिकडं मसाईच्या पठारावर मारवेल गुडघ्याला लागते,
आणि इकडं उद्यमनगरात, आमच्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर,
हवा इतकी ओली
की नायलॉनचे तंतू आडवेच पडतात,
न्हाव्याच्या फरशीवरच्या केसांसारखे.
म्हणून थांबायचं.
दसरा जातो, कोजागरी जाते,
ओठ फुटायला लागतात,
अंधारात स्वेटर काढताना चटचट वाजतं,
तेव्हा युनूस नदाफ खालून हाक मारतो,
"भावा, गवताचं दिवस आलं!"

यंत्र घरगुती.
डास मारायची बॅट, तिच्या पोटातून ओढलेल्या दोन वायरी,
एक चहाच्या गाळणीला,
एक चार इंची खिळ्याला.
गाळणी बायकोनं दोन दिवस शोधली,
तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून नवी आणली
आणि काही बोलली नाही.
ते न बोलणं बरेच दिवस चाललं.

पठार थर्माकोलचं. कडा मी तापल्या तारेनं कापला,
वडील सागवानात पंपाचा साचा कोरायचे त्या हिशेबानं,
निवताना लोखंड आकसतं तेवढी जागा वाढवून.
थर्माकोल आकसत नाही.
हाताला ते अजून पटलेलं नाही.

पाकिटावर लिहिलंय, उन्हाळी हिरवा.
कुठल्या देशाचा उन्हाळा कोण जाणे,
आपल्याकडं असला हिरवा फक्त बँडवाल्याच्या डगल्याला.
आपला कार्तिकातला डोंगर निराळा:
तीन चमचे वाळकं, एक हिरवं,
चिमूटभर राखाडी, कुसळांसाठी.
युनूस ते बोटांनी पिंजत बसतो.
त्याचा आजा खांद्यावर कमान घेऊन
गल्लोगल्ली गाद्या पिंजायचा,
म्हणायचा, गुठळी राहिली की माणसाला झोप नाही.
"गवताला बी न्हाई," युनूस म्हणतो,
आणि आणखी पाच मिनिटं पिंजतो.

मग ओल्या फेव्हिकॉलात खिळा रोवायचा.
बटण दाबायचं.
गाळणी हलवायची,
पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तशी,
आणि पडता पडता एकेक काडी
हवेतच सरळ होते,
उभीच उतरते.
पठारावर काटा येतो.
माझ्या मनगटावरही येतो,
तो विजेचा की माझा,
हे मी कधी तपासलेलं नाही.

अर्धा तास ओलं असतं सगळं.
तेवढ्यात युनूसनं कड्याजवळ अंगठा टेकवला,
हळूच,
एक माणूस मावेल एवढं गवत आडवं केलं.
"इथं कोण?"
"अजून कोण न्हाई. लढाई रविवारी."
"मग?"
"जागा करून ठिवली."

रविवारी त्याची निळी फौज, माझी तांबडी,
बोटभर उंचीचे शिपाई
पोटरीभर गवतात.
फासे चार तास खडखडत होते.
खाली कुणाचा तरी लेथ चालू होता, रविवार असूनही.
माझा झेंडेकरी पडला, त्याचे अकरा घोडे गेले,
कड्याकडून यायची वाट सरळ होती, जवळची होती,
दोघांनीही लांबून वळसा घातला.
नियमात तसं काही नाही.
युनूस हरला, आणि हरल्यावर म्हणाला,
"कडेनं आलो असतो तर तुला धरला असता."
मी मान हलवली.

कागद वाकवून उरलेलं गवत बरणीत भरलं.
तरी थोडं आलंच बरोबर,
सॉक्समध्ये, कॉलरखाली, कुसळासारखं.
रात्री बायकोनं माझ्या बाहीवरची एक काडी
चिमटीत धरली,
ट्यूबलाइटकडं नेली,
बराच वेळ बघितली.
"कुठल्या डोंगरावर गेलतासा?"
"मसाईच्या."
"अस्सं," ती म्हणाली.
"आणि माझी गाळणी, ती बी तिथंच चरतीया न्हवं?"