खिळा चालणार नाही

जिगीषानं आधी भिंत दाखवली, मग अटी.
खीली नहीं चाले, काका.
जागा भाड्याची, रंग दिवाळीतला.
वर पट्टी आहे, तिच्यावरून तार सोडायची.
विकलं तर वीस टक्के आमचे,
न विकलं तर शेवटच्या मंगळवारी
चारच्या आत आपापलं घेऊन जायचं.
बरं, म्हटलं.

एकवीस वर्षं मी सामान हलवणाऱ्या कंपनीत याद्या केल्या :
लोखंडी कपाट एक, डाव्या दाराला पोचा.
शिवणयंत्र एक. देवघर, नाजूक.
आणि टेम्पो निघाला की
रिकाम्या खोलीत जरा मागे रेंगाळून
यादीत न आलेलं टिपायचो.
निजामपुऱ्यात, हॉलमध्ये, एक फिकी चौकट
आणि तिच्याखाली ओल्या हाराचा ओघळ.
प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरात घड्याळाएवढा गोल,
भोवती फोडणीचा धूर.
मांजलपूरला दाराशी पेन्सिलीनं उंची :
२००४, २००५,
मग एकदम २००९.

फोटो अठरा. कॅफेत मावले अकरा.
एक स्विचबोर्डनं खाल्ला,
एक एसीसमोर गोल गोल फिरायचा.
यात माणसं नाहीत का एकही?
आहेत ना, मी म्हटलं.
तिनं पुन्हा पाहिलं. मग विचारलं,
किंमत काय लावू?

किमतीच्या रकान्यात मी जन्मभर 'अंदाजे' लिहीत आलो.
शेवटी तिनंच ठरवली. बाराशे, फ्रेमसकट.

शनिवारी पोरं आली, लॅपटॉप उघडून बसली,
क्रमांक चारच्या ऐन मध्यावर कुणाचंतरी डोकं.
एकजण उठून फ्रेमपाशी आला,
अगदी नाक लावून बघू लागला.
मी खुर्चीतून अर्धा उठलो.
त्याला वाय-फायचा पासवर्ड हवा होता.

संध्याकाळी नलू आली.
कोल्ड कॉफी फार गोड आहे म्हणाली,
तरी संपवली,
आणि स्ट्रॉ तोंडात तशीच ठेवून क्रमांक पाचसमोर थांबली.
हे आपलं ना? कारेलीबागचं?
मी तिला सांगितलं नव्हतं.
इथे माझा पदवीदानाचा होता, काळ्या झग्यातला.
कुठंय तो?
यादीत आहे, म्हटलं. खोका क्रमांक नऊ.
नऊ आपण उघडलाच नाही, ती म्हणाली,
सहा वर्षं झाली.
आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली, कॉफीचे हात पुसायला.

मंगळवारी साडेतीनलाच गेलो.
तारा निघाल्या. भिंत होती तशीच,
एका महिन्यात भिंत काही धरत नाही.
दहा फोटो परत मिळाले.
पाच गेला, जिगीषा म्हणाली,
कुणी नेला ते आठवेना तिला.
वीस टक्के वजा, नऊशे साठ.

येताना रावपुऱ्यात स्कूटर थांबवली.
दुकानदार सुटे देत नव्हता,
पाव किलो खिळे घ्यावे लागले.
एकच हवा होता.