बगल

पाठ टेकली की खेळ संपला,
एवढं तरी मला जगाबद्दल ठाऊक होतं.
इथे ताइनारा आपणहून पाठ टेकते,
दोन्ही पाय माझ्यावर रोखते
आणि म्हणते, या.

ती एकोणीस वर्षांची, बावन्न किलोंची,
दिवसभर औषधांच्या दुकानात पावत्या फाडते.
मी चव्वेचाळीस. सत्त्याण्णव किलो.
साओ गोंसालोच्या चढावरच्या गल्ल्यांतून
फ्रीज, कपाटं, एकदा तर अख्खा पियानो
वाहून नेलेला माणूस.
मधे फक्त तिचे पाय आहेत.
फक्त.

मी गेलो.

तिचा एक तळवा माझ्या कमरेवर,
दुसरा दंडावर, माझ्या बाह्या तिच्या मुठींत,
आणि टेम्पोतून पोतं कलंडावं
तसा मी कलंडलो.
मग छत दिसलं.
छताला ओल आली आहे, ओलीचा आकार बदकाचा.
पाठ टेकून टेकून
पहिल्याच आठवड्यात मला ते बदक पाठ झालं.

खाली टायरचं दुकान.
रबराचा वास फळ्यांच्या फटींतून वर येतो,
मॅटमध्ये मुरतो, तिथून माझ्या किमोनोत.
बायको तो दोन बोटांनी उचलते,
विचारते, जिंकलास?
मी म्हणतो, शिकतोय.
शाळा सुटल्यापासून हा शब्द
मी तोंडात घेतला नव्हता.

प्रोफेसर दाल्वांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय.
त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून
चपलेच्या टोकाने शिकवतात:
गुडघा इथे. मान वर.
कोपरं बरगड्यांशी, बाहेर भटकली की परत येत नाहीत.
आणि ढकलू नकोस, जुरांदिर.
तू ढकललंस की तिला धरायला काहीतरी मिळतं.

तीन मंगळवार मी ढकललं.
चौथ्या मंगळवारी रागाने ढकललं,
तेव्हा तिचा गुडघा नाकावर बसला.
रक्त आलं. ती घाबरली, म्हणाली, सॉरी, काका.
गुडघ्यापेक्षा काका जास्त लागलं.

त्या शनिवारी आल्कांतारात, तिसरा मजला,
दोन दारांचं कपाट जिन्याच्या वळणावर अडलं.
वाल्देसिर खालून ओरडला, जोर लाव!
मी म्हटलं, जोर नको रे.
त्याचे पाय उचल. थोडं मागे घे.
आता कूस बदल त्याची,
मी कठड्याच्या बाजूने येतो.
कपाट गुमान वळलं, गुमान वर गेलं.
मी मात्र तिथेच उभा, हात अजून हवेत.
वाल्देसिरला वाटलं, कंबर धरली.

मंगळवारी ताइनाराने पाठ टेकली.
मी तिची पँट गुडघ्यांपाशी मुठींत धरली
आणि ढकललं नाही.
तिचे पाय माझ्या जोराची वाट पाहत राहिले,
जोर येईना, तसे जरा चाचपडले,
रात्री दिव्याचं बटण शोधावं तसे.
तेवढ्यात मी दोन्ही पाय डावीकडे टाकले
आणि उजवीकडून, कठड्याच्या बाजूने,
त्यांना बगल देऊन

पलीकडे.

माझा खांदा तिच्या हनुवटीखाली.
पंखा खडखडत होता,
तो रोजच खडखडत असणार.
इतके आठवडे मी अलीकडेच होतो,
पलीकडे पोचल्यावर काय करायचं असतं
हे कुणाला विचारलंच नव्हतं.

मग? खालून ताइनारा म्हणाली,
श्वासही लागला नव्हता तिला.
आता काय, काका?

प्रोफेसर दाल्वांची खुर्ची करकरली.
त्या बहुतेक हसत होत्या, मान वर केली असती तर दिसलं असतं.
मी अजून विचार करत होतो
आणि तिचा एक गुडघा, दाराखालून उंदीर यावा तसा,
आमच्या मधे शिरला, मागोमाग नडगी,
मागोमाग आख्खा पाय.

छत.
कालच्या पावसाने
बदक जरा अंगाने भरलं होतं.