पहिला नंबर कुणाचा

पुतण्यानं वही पुढं केली.
"काका, तुमच्या वेळच्या गेममधली दहा पात्रं सांगा,
ज्यांचा सगळ्यात जास्त प्रभाव पडला. नंबर लावून."

प्रभाव म्हणे.
साखर पेठेत तेव्हा इराण्णाचं पत्र्याचं दुकान होतं,
आत तीन मशिनी,
त्यातली एक हात लावला की करंट मारायची.
पडद्यावरचं इंग्रजी कुणालाच वाचता येईना,
मग बारसं आम्हीच केलं.

दहावा लिही बुटक्या.
मशिनीची काठी डावीकडं अडकलेली,
म्हणून तो आयुष्यभर डावीकडंच चालला.
राजवाडा उजवीकडं होता.

नववा, आठवा सोड. आठवत नाहीत.

सातवी आगवाली अक्का. तोंडातून जाळ काढायची.
नरसिंग चिप्पा तिच्यावर असा भाळला
की गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यामागं,
रॉकेलची गुळणी धरून काडी ओढली त्यानं.
भुवया गेल्या.
नव्या आल्या त्या आजही दुसऱ्या कुणाच्या वाटतात.
ह्याला म्हणतात प्रभाव.
खोड ते सात, पाचवर घे तिला.

तिसरा उड्या.
त्याचं बघून अमजदनं किल्ल्याच्या खंदकात उडी टाकली.
उड्याला तीन जीव असायचे,
अमजदकडं एकच, तो वाचला, पाय नाही वाचला.
आता घड्याळं दुरुस्त करतो. बसून करायचं काम.
त्याला विचारलंस तर उड्याला तो पहिलाच नंबर देईल,
रागानं नाही, खरंच.

दुसऱ्यावर रेघ मारून ठेव.
लाईट गेली की काळ्या काचेत
एक पोरगं दिसायचं,
नाक टेकेपर्यंत वाकलेलं, तोंड उघडं.
त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं.

आणि पहिला?
पहिला तो पहारेकरी.
राखाडी कपडे, हातात काही नाही.
चार पावलं इकडं, वळायचं, चार पावलं तिकडं.
डोक्यावर उडी मारली की चपटा व्हायचा,
पन्नास पॉइंट.
एका रुपयात मी असे शंभर चपटे केले असतील.

मग एकदा रात्रपाळीला डबा घेऊन गेलो,
कडक भाकरी, शेंगाची चटणी.
कारखान्यात खटखट इतकी की हाक पोचेना.
नाना दोन मागांच्या मधे होते.
तुटला धागा जोडायचा, वळायचं,
पलीकडचा बघायचा, वळायचं.
मी दारात उभा राहून मोजली.
चार.
त्यांनी वर पाहिलं नाही.
धोटा धावत होता, चादरीवर एक मोर
अर्धा होऊन पुढं सरकत होता.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यासमोर थांबलो.
तो वळला की गपचूप पलीकडं.
पुन्हा थांबलो, पुन्हा पलीकडं.
वेळ संपली, खेळ संपला.
इराण्णा म्हणाला, "काय बे, हात आखडला का?"
त्यानंतर माझा स्कोर कधी वर गेला नाही.
यादीत शेवटपर्यंत नरसिंगच वर राहिला,
बिनभुवयांचा.

पुतण्या म्हणाला, "पण काका, तो तर व्हिलनचा माणूस.
त्याला नावसुद्धा नाही."
"मग चार पावलं असं लिही."
तो माझ्याकडं बघत राहिला.
बाकीची यादी पेननं लिहिली होती त्यानं.
ह्याच्यासाठी दप्तरातून पेन्सिल काढली,
खोडता यावं म्हणून.