मकासाहेब

जुन्या बाजारात, बुधवारी, गंजलेल्या पान्यांखाली
ती वही सापडली.
चाळीस म्हणाला, पंचवीसला दिली.

नाव मकाय. खडकीच्या कारखान्यात ते कुणाच्या जिभेवर बसेना,
त्यात केस कणसाच्या शेंडीसारखे तांबूस.
मग मकासाहेबच.

पहिल्या पानावर त्याचं स्वतःचं, अगदी थोडक्यात:
कोळशाच्या गावचा. अकरा मोसम राइट हाफ.
गुडघा गेला, फेब्रुवारीत, चिखलात.
त्यापुढे सगळी आमचीच पोरं.

लाझरस: उंच, पण चेंडूला डोकं लावत नाही.
मुनुस्वामी: पगाराच्या दुसऱ्या दिवशी खेळवू नये.
बशीर: ह्याला काहीही शिकवू नका.

बूट मागवले होते त्याने, अकरा जोड.
पोरांनी नाड्या बांधून ते गळ्यात मिरवले
आणि अनवाणीच उतरली.
शिट्टी दातांत तशीच धरून तो हसला म्हणे.

माझ्या आजाला मात्र फायनलला बाहेर बसवलं.
पलटणीच्या गोऱ्यांशी एका गोलने हरलो.
मक्याला डोळेच नव्हते, आजा म्हणायचा,
आणि भाजलेलं कणीस
जन्मात तोंडाला लावलं नाही त्याने.

त्याचं पान शेवटून तिसरं.
तुळाजी: डावा पाय देवाने दिलेला. घाई करतो.
खाली वेगळ्या शाईत, मॅचनंतरचं असावं:
चूक माझी.

परतताना होळकर पुलाजवळ गाडीवर निखारे फुलले होते.
एक कणीस घेतलं. लिंबू जास्त लाव म्हटलं.
निम्मं खाल्लं,
उरलेलं कागदात गुंडाळून घरी आणलं.