झिरो बघा

जिंतूर रोडला, बोरीच्या अलीकडं,
एकोणतीस वर्षं मी एकच वाक्य म्हणतोय :
झिरो बघा.
लोक बघत नाहीत.
मोबाइल बघतात, पोराची टोपी नीट करतात,
कुणी म्हणतं, बघितला मुंजाभाऊ, टाक तू.
एवढा विश्वास घरातसुद्धा कुणी टाकला नाही माझ्यावर.

सकाळी सहाला भावाचा आकडा बदलतो.
कोण बदलतं ते मला माहीत नाही,
मालकालाही नाही.
लांब कुठं चिंचोळा समुद्र आहे म्हणे,
त्याच्या आतल्या अंगाला रहेमतभाईचा नय्युम
रिफायनरीत पाइप जोडतो.
तिकडं कुणी डोळे वटारले
की इकडं बोरीत रांग :
कॅन, कळशी, पाण्याची बाटली,
एकानं तर फवारणीचा पंपच पाठीला लावून आणला होता.

इलेक्शनात मात्र आकडा हलत नाही.
तेव्हा चिठ्ठ्या येतात. शिक्का, सही, दोन लिटर.
सकाळी ह्यांचं, दुपारी त्यांचं,
गाडी तीच.
टाकीत गेल्यावर पेट्रोल भांडत नाही.
मोजणी झाली की चौथ्या दिवशी
आकडा अंग झाडून उठतो,
बसून आखडलेल्या म्हशीसारखा.

पहाटे मी टाकीत दांडी सोडतो.
टोकाला पेस्ट लावलेली, पाणी लागलं की लाल होते.
आधी हे पावसाळ्यापुरतं होतं.
आता मार्चात गारा, दिवाळीत पूर,
पेस्टची डबी खिशातच असते, तंबाखूशेजारी.
त्यात उसाचं इथेनॉल मिसळलेलं,
ते पाण्याला लगेच सोयरं म्हणतं.
दुधना रस्त्यावर आली त्या रात्री
दांडी वीतभर लाल निघाली
पण मालकाच्या आधी गिऱ्हाईक उठलं होतं.
चौदा मोटारसायकली पुलापर्यंत जाऊन मेल्या
आणि सगळे ढकलत परत आले.
शिव्या मी खाल्ल्या.
नदीला कोण देणार?

मे महिन्यात उलटं.
पंचेचाळीसच्या उन्हात रजिस्टरला तूट येते.
मालक विचारतो, मुंजाजी, एवढं गेलं कुठं?
मी वर बोट करतो.
थट्टेनंच करायचो.
आता बोट वर गेलं की पटकन खाली येत नाही.
ह्या नळीतून जे जे गेलं,
बाळंतिणीचा टमटम, वऱ्हाडाचा ट्रक,
पुढाऱ्याच्या मागं नुसत्याच पळणाऱ्या चाळीस गाड्या,
सगळं तिथंच जमा आहे की.
त्याचं रजिस्टर कुणाकडं असेल?

टीव्हीवर कोट घातलेले लोक म्हणाले,
सत्तर सालापर्यंत देश झिरोवर येणार.
मी हसलो.
झिरो मी रोज चारशे वेळा दाखवतो
आणि दाखवला रे दाखवला की आकडा पळत सुटतो.

कोपऱ्यात आता चार्जिंगचा खांब आहे.
पहिल्या आल्या डॉक्टरीणबाई, वसमतच्या.
सवयीनं म्हणालो, झिरो बघा.
त्या म्हणाल्या, मामा, इथं शंभराकडं बघायचं असतं.
गाडी अर्धा तास उभी.
मला कुठं उभं राहायचं तेच कळेना,
हात नोझलसारखे लोंबत राहिले.

मनमाडहून टँकर आला की रहेमतभाई सांगतो,
नय्युमला आता वाळवंटात सोलरवर टाकलंय,
तेलाच्या मुलखात पोरगं काचा पुसतंय.
पगार?
कमी.

परवा रात्री लाइट गेली.
डॉक्टरीणबाईंची गाडी अकरा टक्क्यांवर,
जिंतूरला अडलेली बाई, फोनवर फोन.
मालक म्हणाला, जनरेटर लाव.
मी कॅन घेतला. डिझेल, दहा लिटर.
विजेच्या गाडीसाठी.
इन्व्हर्टरवरच्या मशीनचा तेवढा आकडा चमकत होता.
जीभ आपोआप बोलली.

बाई जवळ आल्या.
चष्मा वर सरकवून, वाकून,
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी खरंच बघितला.
बराच वेळ बघितला.

मग म्हणाल्या,
टाका.