हाऊजी

वेल्समधल्या आमच्या गावच्या ऑपेराघरात
आता दर गुरुवारी हाऊजी असते.
छतावरल्या गुबगुबीत देवदूतांची नाकं
सिगारेटींनी काळी केलेली, ती तशीच.

आकडे एमरिस पुकारतो.
बावीस वर्षं इथेच, कोरसमध्ये, तिसऱ्या रांगेत;
एकट्याला एक ओळ
कधी मिळाली नाही.

काल 'अठ्ठ्याऐंशी' म्हणताना
'ऐं'वर थबकला
आणि चढतच गेला.
चहावालीने किटली खाली ठेवली.

ग्वेनलियनचं फुल हाऊस झालं होतं
त्याच आकड्यावर. चारशे पौंड.
ती ओरडली नाही.
हात अर्धा वर, तोंड उघडं,
त्याचा श्वास संपेपर्यंत
तशीच बसून राहिली.

मग जरा खाकरून,
जवळजवळ माफी मागत म्हणाली,
'माझं झालं.'